गुरुवारचा शिक्का

हॅलो?

हो, मीच बोलतेय... मीच रे. आवडाबाई... नाही, हे घरात नाहीत. वाळूजला गेलेत, दुसरी पाळी आहे त्यांची.

अरे, नंबर चुकलेला नाही. बरोबर लागलाय... हो रामकिसन, आज गुरुवारच आहे. कॅलेंडर आमच्याही भिंतीवर आहे.

गुरुवारी आवडाबाई बोलत नसत. अकरा वर्षांचा नेम होता. सकाळी दत्ताला फूल वाहिलं की तोंड मिटायचं, ते दिवेलागणीला उघडायचं. औरंगाबादच्या एका कॉलेजात त्या संख्याशास्त्र शिकवायच्या, तिथला संगणक कक्षही त्यांच्याच ताब्यात होता. प्राचार्य तीन बदलले, पण गुरुवारी बाईंना तास द्यायचा नाही हे काही बदललं नाही. आणि आज, फेब्रुवारी चौऱ्याण्णवच्या या गुरुवारी, दुपारचे चार वाजलेले असताना, पडेगावच्या दोन खोल्यांच्या घरात त्या रिसीव्हर कानाला लावून उभ्या होत्या. पलीकडं त्यांचाच जुना विद्यार्थी होता. आता त्याची 'किसन कॉम्प्युटर्स' नावाची कंपनी होती आणि कॉलेजच्या मशीन दुरुस्तीचं काम तिच्याकडंच होतं.

मोडलं. हो. दुपारी बारा वाजता मोडलं... कुणामुळं ते तुला ठाऊक आहे.

मी ओरडत नाहीये. माझा आवाज कधी चढलेला ऐकलास का तू? हा असाच आहे. तू नीट ऐक म्हणजे झालं.

आधी हे सांग, यांच्याकडं काय काम होतं?... निरोप. कसला?... बरं. म्हणजे तू माणसाबरोबर कागद पाठवणार, यांनी तो माझ्यापुढं ठेवायचा, मी गुरुवारची मुकी, म्हणजे तो मंजूर. असंच ना?... नाही, मग कसं? तूच सांग कसं... असंच. मागच्या वेळी जमलं, मग याही वेळी जमेल. हिशेब सरळ आहे तुझा.

मागच्या वेळचं असं झालं होतं. कॉलेजात एक रीत पडून गेली होती, आणि ती आवडाबाईंनीच पाडली होती. गुरुवारी कागद आला की तो टेबलावर त्यांच्यापुढं ठेवायचा. पसंत नसला तर त्या दोन बोटांनी मागं सरकवत. मागं सरकवला नाही तर मंजूर. मग शिपाई सांडू डबीतला शिक्का उचलून मारायचा. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं, कारण सगळ्यांना बाईंची भीड होती. दोन आठवड्यांपूर्वीच्या गुरुवारी रामकिसन आला तेव्हा बाईंची अकराची माळ चालू होती. डोळे मिटलेले. त्यानं कागद अलगद ठेवला, पाच मिनिटं थांबला, आणि सांडूला म्हणाला, "मागं सरकवला का? नाही ना? मग मार." सांडूनं मारला.

त्या कागदावर काय होतं ते मला आज कळलं. सांडूनं आणून दाखवला... का म्हणजे? त्याला काय वाचता येत नाही का? उशिरा का होईना वाचला त्यानं. पन्नाशीचा माणूस माझ्यापुढं उभा राहून रडला, तेव्हा तोंड उघडलं मी.

वाचून दाखवू? 'सदर प्रोग्रॅम व त्याच्या सर्व प्रती किसन कॉम्प्युटर्स यांच्या ताब्यात देण्यास या विभागाची हरकत नाही.'... हो, शिक्का माझा आहे. माझाच. मी कुठं नाही म्हणतेय? चूक माझी. चोरी तुझी.

शब्द जड वाटला का?... मग हलका कुठला ते तू सांग, मी तो वापरते.

फ्लॉप्या कुठं आहेत?

फ्लॉप्या, रामकिसन. निळ्या डब्यातल्या. जुमाच्या. कपाटात होत्या त्या... 'सेफ' म्हणजे कुठं? तुझ्या ऑफिसात?... आणि कॉलेजच्या मशीनवरचं मूळ लिखाण? ते तर पुसलंस. मी बघून आले. चालतो पण आत बघता येत नाही असा कुलूपबंद तुकडा ठेवलायस फक्त, आणि तो चालू केला की पहिल्या पडद्यावर काय येतं, तर 'किसन कॉम्प्युटर्स, औरंगाबाद'. भोवती महिरप काढलीयस. चांगली काढलीयस.

जुमा त्यांच्यासमोरच, उंबऱ्याजवळच्या चटईवर बसला होता. टांझानियातल्या म्वांझा गावाजवळच्या एका कॉलेजात तो मास्तर होता. मोठ्या तळ्याकाठचं गाव. पगारी रजा घेऊन तो एम.एस्सी. करायला इथं आला. आला तेव्हा विद्यापीठाच्या कमानीवर जुनं नाव होतं, निघताना नवं. दोन वर्षं रोज संध्याकाळी आवडाबाईंच्या संगणक कक्षात बसून त्यानं एक प्रोग्रॅम लिहिला. प्रवेश, गुण, निकाल सगळं सांभाळणारा, आणि कुठल्याही कॉलेजला आपले नियम आपल्या हातानं बसवता येतील असा. तोच घेऊन तो घरी निघाला होता. साडेसहाची मुंबईची एसटी, शनिवारी विमान. रोजे चालू होते, म्हणून वाटेत सोडायला बाईंनी खजूर बांधून दिले होते. त्यांचाही गुरुवारचा उपास. घरात सकाळपासून गॅस पेटला नव्हता, आणि दोघांपैकी कुणालाच त्याची आठवण नव्हती.

काय?... फुकटचं होतं?

कोण म्हणालं फुकटचं? मोकळं होतं... असतो फरक. उन्हाळ्यात गुलमंडीवर पाणपोई लागते, माहीत आहे ना? प्यायला पैसे पडत नाहीत. म्हणून काही कुणी रांजण उचलून घरी नेत नाही, आणि वर कुलूप घालून ग्लासामागं रुपया मागत नाही.

त्यानं पहिल्याच पानावर लिहिलं होतं. तू ते पान काढून टाकलंस, पण वाचून मगच काढलं असशील. कुणीही वापरावं, उघडून बघावं, बदलावं, दुसऱ्याला द्यावं. पुढच्यालाही हाच हक्क राहू द्यावा, एवढीच अट... हो, विकायलाही मनाई नाही. मग वीक की. मी आले होते का हात धरायला? कुलपाला मनाई आहे. तू तेवढंच नेमकं केलंस.

आणि काय कुलूप. दर जूनला किल्ली मागणार. प्रवेश सुरू व्हायच्या महिन्यात बरोब्बर. तिथं अडलं की लोक झक मारत येतील, हे तुला सुचलं कसं रे? तुझ्या ऑफिसात एसी बसवलाय म्हणे. मशीनला ऊन सोसत नाही, आणि माणसाला लाज वाटत नाही.

थांब. मध्ये बोलू नकोस.

तुला त्याच्या बहिणीचं माहीत आहे का?... झैनब. तुला नाहीच सांगितलं त्यानं. मला सांगितलं. त्यांच्या कॉलेजात आधी असाच एक प्रोग्रॅम होता. विलायतेतल्या कंपनीचा, देणगीत मिळालेला. फीत कापली, फोटो काढले. तिसऱ्या वर्षी ऐन निकालाच्या वेळी मशीननं किल्ली मागितली. मुदत संपली होती. पत्र पाठवलं, उत्तर यायला चार महिने. सहाशे पोरांचे गुण आत, आणि बाहेर कुणाला ते काढता येईनात. आपले गुण, आपल्या मशीनमध्ये, आपल्याच कॉलेजात, आणि आपल्यालाच दिसेनात. झैनब त्या सहाशेत होती. मास्तरकीच्या ट्रेनिंगची जागा तिची गेली. आता तळ्यावर मासे सुकवायला बसते.

मासे सुकवण्यात वाईट काही नाही. तुला वाईट कुठलं ते कळतंय, उगीच फाटे फोडू नकोस.

म्हणून शिकायला आला रे तो. नोकरीसाठी नाही आला. आपल्या दाराची किल्ली आपल्याकडं असावी म्हणून आला. आणि आपण काय दिलं त्याला? दुसरं कुलूप. त्याच्याच हातानं घडवलेलं.

आवडाबाईंचा स्वर खरंच चढला नव्हता. पोथी वाचताना असतो तसाच होता, एकसुरी, मंद. पण फोनची वायर त्यांनी बोटाला एवढी गुंडाळली होती की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. जुमाला मराठी समजायचं. तो खाली मान घालून चटईची काडी मोडत होता.

हां... बोल. बोल, ऐकतेय... हं... हं.

मराठवाड्याचा माणूस. बरं. आपल्या माणसानं कंपनी काढली. खरंय... पुण्या-मुंबईचे येतात, चिकलठाण्याला, वाळूजला कारखाने टाकतात आणि आपली पोरं गेटवर उभी राहतात. हेही खरंय. माझ्या घरातच आहे एक, मला काय सांगतोस... स्वावलंबन. हं.

हा शब्द तू वापरू नकोस. दुसऱ्याच्या खांद्यावर बसून उंच दिसायचं, ह्याला स्वावलंबन म्हणत नसतात. तो तुझ्या ऑफिसात येऊन चार महिने शिकवून गेला. जर्मनीतल्या मित्रानं त्याला जी साधनं पाठवली, ज्यांच्यावर त्यानं सगळं बांधलं, ती त्यानं तुलाही दिली. एक पैसा मागितला? 'सर, तुमच्याकडं दहा पोरं आहेत, त्यांनाही येऊ दे' म्हणाला. तुझी कंपनी आपल्या पायावर उभी राहायची संधी ती होती. तुला पाय नको होते, तुला पायपुसणं हवं होतं.

...

काय म्हणालास?

परत म्हण. मला नीट ऐकू आलं नाही असं समजू आपण. परत म्हण... नाही, 'तसं म्हणायचं नव्हतं' नको. तू 'त्या हबशाला' म्हणालास. 'त्या हबशाला कोर्टकचेरीतलं काय कळतंय.'

बस झालं, रामकिसन.

तू ज्या गावात दुकान थाटलंयस ते वसवलं कुणी? शाळेत शिकलास ना? मलिक अंबर. कोण होता तो? हबशी. गुलाम म्हणून विकला गेलेला. त्यानं डोंगरातलं पाणी खापराच्या नळांनी गावात आणलं. पावणेचारशे वर्षं झाली, त्या नहरीला अजून येतंय. त्या पाण्यावर त्यानं आपल्या नावाची किल्ली नाही लावली. तुझे आजे-पणजे तेच पाणी प्यायले, आमचेही प्यायले, मेंढरं प्यायली. आणि तू विचारतोस त्यांना काय कळतं.

...

नाही, मी ठेवणार नाही फोन. तू केलायस ना? मग आता ऐकून घे.

...

नावात काय आहे? असं तू म्हणतोस? तू?

गेल्या महिन्यात विद्यापीठाला नाव लागलं तेव्हा पेढे कुणी वाटले? कॉलेजात येऊन माझ्या हातावर ठेवलास पेढा. मी खाल्ला. मला बरं वाटलं, की पोरगं सगळ्यांच्या आनंदात सामील झालं. सोळा वर्षं माणसं एका नावासाठी हर्सूलच्या जेलात जाऊन बसली, डोकी फुटली, घरं जळाली, आणि तू पेढा वाटून झाल्यावर म्हणतोस नावात काय. नावात काही नसेल, तर मग जुमाचं काढलंस कशाला? राहू द्यायचं होतं. तुझ्या महिरपीच्या खाली एक ओळ. जागा होती की.

...

पलीकडून बराच वेळ बोलणं चाललं असावं. आवडाबाई ऐकत राहिल्या. कोनाड्यातल्या दत्ताच्या तसबिरीकडं त्यांची नजर गेली आणि तिथून परत आली. मग त्यांनी असं काही सांगितलं, जे त्यांनी नवऱ्याला, बद्रीनाथरावांनाही कधी सांगितलं नव्हतं.

तू म्हणतोस, 'मॅडम, तुम्ही तर कधी कुणाच्या अध्यात नाही मध्यात नाही, आताच का?' सांगते.

अठ्ठ्याहत्तर साली, नावाचा ठराव झाला आणि खेड्यापाड्यांतनं पेटलं, तेव्हा मी सासरी होते. गावात. आमच्या शेतावर गीताबाई होती कामाला. तिच्या वस्तीचं पाणी बंद केलं होतं, दळण बंद केलं होतं. ती दुपारी आमच्या दारात आली. कडेवर लेकरू. मला म्हणाली, 'वैनी, मामंजींकडं एक शब्द टाका. तुमचं ऐकतेत ते.' ऐकायचे ते माझं. खरंच ऐकायचे.

मी गप्प बसले. खाली बघत बसले. तिनं जरा वेळ वाट बघितली आणि ती गेली. चार दिवसांनी त्यांची वस्ती उठली. कुठं गेली, मला आजतागायत ठाऊक नाही.

त्या दिवशी गुरुवार नव्हता, रामकिसन.

पाच वर्षांनी मी हा नेम धरला. लोकांना वाटलं दत्ताचं वेड. मला वाटलं, गप्प बसायचंच आहे तर देवासाठी बसावं, भीतीपोटी नको. पण गप्प ते गप्पच. माझ्या गप्प बसण्याला लोक होकार समजत आले, आणि मीही समजू दिलं. सोयीचं होतं. शिक्का आपोआप पडायचा, तोंडाला वाईटपणा यायचा नाही. तू ती फट बघितलीस आणि हात घातलास. म्हणून तुझ्यावर जेवढी चिडलेय त्याच्या दुप्पट स्वतःवर चिडलेय. पण म्हणून तुझ्यावरची कमी होत नाही.

...

रडतोस की काय तू?... सर्दी आहे. बरं.

तुझे वडील कसे आहेत?... सोनाजींचं विचारतेय मी. बरे आहेत ना? गुडघे?... हं. त्यांना हे सांगितलंयस का?

मग सांग. त्यांना मशीनमधलं कळणार नाही, पण ह्यातलं सगळं कळेल. तू बी.एस्सी.ला होतास, फी भरायला ते आले होते, तेव्हा बसले होते माझ्याशी बोलत. म्हणाले, 'बाई, दोनशे मेंढरं असली तरी प्रत्येकाच्या कानाची खूण पाठ असते. दुसऱ्याचं एखादं आपल्यात मिसळलं तर सांजच्याला पोचतं करायचं. पाच कोस चालावं लागलं तरी.' मी म्हटलं, एका मेंढरासाठी पाच कोस? म्हणाले, 'मेंढरू राहू द्या, पण त्याच्या कानाला कात्री लावून आपली खूण करणारा म्हंजे त्याला आमच्यात कुणी पोरगी देत नाय.'

तुझं लग्न आधीच झालं, हे बरं झालं.

...

बरं, आता मुद्द्याचं बोल. कसला कागद पाठवणार होतास आज?... तात्यासाहेबांना पाहिजे. संस्थेचे अध्यक्ष म्हणून त्यांना पाहिजे, बरं. काय पाहिजे?... माझी सही. नुसता शिक्का पुरत नाही आता... 'हा प्रोग्रॅम किसन कॉम्प्युटर्सनं तयार केला आणि मी तो तपासला.' असं. म्हणजे मग तात्यासाहेब चारही कॉलेजांत घेणार. कळलं.

आणि सही नाही केली तर?... हं. कक्षाचा ताबा काढून घेणार माझ्याकडून. घेऊ दे. किल्ल्या सांडूकडं देऊन आलेय मी दुपारीच. पत्रही दिलंय प्राचार्यांना. त्यात लिहिलंय, की गुरुवारी माझ्या नावानं जे शिक्के पडले ते मी न बघता पडले, रीत माझी चुकीची होती, आणि त्या कागदाला माझी हरकत आहे... हो, स्वतःच्या हातानं लिहिलंय. नोकरीवर येईल का? आली तर येईल.

नाही, जुमाकडं काही नाही राहिलं असं समजू नकोस. आहे.

कागदावर आहे.

हे मात्र रामकिसनला ठाऊक नव्हतं. आवडाबाईंना पडद्यावर वाचायची सवय नव्हती, डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून जुमानं सबंध प्रोग्रॅम कॉलेजच्या करकरत्या प्रिंटरवर छापून दिला होता. कडेला भोकांच्या पट्ट्या असलेला तो लांबच लांब कागद, चारशे बारा पानं. दिवाळीच्या पाडव्याला त्यांनी सुरुवात केली. सकाळी पूजा झाली की रोज दहा पानं, पारायणासारखी, नेमानं. ग्रेस मार्क कुठं चुकीचे पडतायत, नापासाचा उरलेला विषय कुठं हरवतोय, सगळं लाल पेन्सिलीनं समासात. दत्तजयंतीच्या आत संपवलं. नंतर जुमानं केलेल्या दुरुस्त्याही त्यांनी समासात उतरवून घेतल्या होत्या. तो गठ्ठा आता चटईवर, जुमाच्या गुडघ्याशी होता.

हसू नकोस... हो, चारशे बारा. हो, हातानं टाइप करावं लागेल. एक स्वल्पविराम चुकला तरी अडणार, ते मला माहीत आहे, मीच शिकवलं तुला ते... वर्ष लागेल. कदाचित दीड.

...

थांब. परत सांग.

फ्लॉप्या देतोस?... सगळ्या? मूळ लिखाणासकट?... सहा वाजता बसस्टँडवर, तुझा माणूस आणून देईल. आणि त्याआधी मी त्या कागदावर सही करायची. माणूस येईल इथं स्कूटरवर. वीस मिनिटांत.

...

भिंतीवरच्या घड्याळात साडेचार होत आले होते. एक सही. फ्लॉप्या हातात पडल्या तर म्वांझाला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅम चालू होईल, येत्या निकालाला लागेल, तिथल्या झैनबसारख्या कितीतरी पोरींचं एक वर्ष वाचेल. आणि सही केली तर तो प्रोग्रॅम जुमाचा कधीच नव्हता, असं आवडाबाईंच्या अक्षरात लिहिलेलं राहील. उद्या म्वांझालाही किसन कॉम्प्युटर्सचं पत्र जाईल, की आमचा माल वापरताय, किल्ली घ्या.

हॅलो... आहे मी. ऐकलं मी. तू हुशार आहेस, रामकिसन, ते मी कधीच नाकारलं नाही.

पण हे ठरवणारी मी कोण? त्याचं आहे. त्याला विचारते. धर फोन.

त्यांनी पदर रिसीव्हरवर दाबला. "जुमा," त्या म्हणाल्या, त्यांच्या पडेगावच्या हिंदीत, "वो फ्लॉपी देता बोलता है. सब के सब. मैंने सही करना पड़ता. तेरा नाम उसमें नहीं रहता. तू बोलेगा वैसा करती मैं."

जुमानं वर बघितलं. मग त्यानं गठ्ठा मांडीवर घेतला, जड होता. वरचं पान, ज्यावर कुणीही वापरावं, उघडून बघावं असं लिहिलं होतं, ते त्यानं तळहातानं सपाट केलं. कोपऱ्यातल्या पिशवीतून सुतळीचं बंडल काढलं आणि गठ्ठ्याखालून पहिला वेढा घेतला.

हॅलो... हो, विचारलं.

नाही, काही बोलला नाही. गठ्ठा बांधतोय... हो, तोच, कागदांचा... हो रे, माहीत आहे वर्ष लागेल. त्याच्या वर्गात चाळीस पोरं आहेत, दहा-दहा पानं वाटून देईल. लिहिता लिहिता कळेल त्यांना आत काय आहे ते. तुला अजून कळलेलं नाही, तुझ्याकडं फ्लॉप्या असून.

माणूस पाठवू नकोस. उगाच त्याचं पेट्रोल जाईल...

नाही. नको. तात्यासाहेबांना माझ्याकडं पाठव, मी बोलेन त्यांच्याशी. उद्याही बोलेन, पुढच्या गुरुवारीही बोलेन.

ठेवते आता... ठेवते म्हटलं ना. सुतळी एकट्याला आवळता येत नाही, मला दुसरं टोक धरायचंय.